बोलावणं

शिंदखेड्यात कोणी सांगितलं की अमक्याला देवाचं बोलावणं आलं, तर ऐकणारा चपला शोधत विचारतो, ‘मयत किती वाजता?’ मराठीत हा अर्थ इतका पक्का आहे, की मिशनच्या लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षं प्रवचनं करूनही तो हलला नाही.

मी सातवीत असताना आमच्याकडे प्रार्थनासभेला नगरकडचे एक पाळक आले होते. तरुण होते, शुद्ध बोलायचे. पुढच्या सतरंजीवर एक म्हातारे बाबा बसले होते, त्यांना त्यांनी विचारलं, ‘बाबा, आपल्याला देवाचं पाचारण झालं आहे का?’ पाचारण हा शब्द बाबांच्या डोक्यावरून गेला. शेजारच्याने अहिराणीत समजावलं, ‘देवनी हाक उनी का, आसं इचारतस.’ बाबा दचकलेच. म्हणाले, ‘नही रे भो, आजून नही उनी. कापूस येचाना बाकी शे.’

सभा हसली, पाळकही हसले. मला मात्र तो गोंधळ आजतागायत पुरला आहे. मी निवृत्त परिचारिका. मिरजेला शिकले, चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, आणि आता स्टेशनच्या बाजूला माहेरच्या जुन्या घरात राहते. पणजीपासून आमचं घर ख्रिस्ती. या चार पिढ्यांत ‘तुला बोलावणं आलं का’ हा प्रश्न घरातल्या प्रत्येक बाईला कोणी ना कोणी विचारला, आणि प्रत्येकीने वेगळं उत्तर दिलं. ती उत्तरं कुठल्याही मिशनच्या अहवालात सापडायची नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

पणजी छप्पनच्या दुष्काळातली पोर. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. त्या साली खानदेश, गुजरात, वऱ्हाड सगळीकडे पावसाने पाठ फिरवली. माणसांनी आधी गुरं सोडली, मग घरं. त्याच सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत येत होती. रुळांच्या कडेने लोक पूर्वेला सरकत गेले. पणजीला तिच्या काकाने वऱ्हाडातल्या एका मिशनच्या अनाथालयात सोडलं आणि तो पुन्हा आला नाही. पणजीला कोणती हाक ऐकू आली होती, असं मी आजीला एकदा मोठ्या भक्तिभावाने विचारलं. आजी म्हणाली, ‘भाकरनी.’

‘पोटासाठी बाटलेले’ हा टोमणा मी शाळेत ऐकला आहे, आणि त्यावर चिडायचं वय आता राहिलेलं नाही. खरंच आहे ते. पोटासाठीच. पण त्या वर्षी भाकरी घेऊन कोण उभं होतं, हाही प्रश्न विचारायला हवा. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८७० च्या दशकात भटकंती आणि उपासमार यांत त्यांचे आई-वडील गेले, त्या स्वतः कशाबशा जगल्या. वीस-बावीस वर्षांनी, १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई पुण्याहून उठली, तिकडे गेली आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतली. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. रमाबाई याला ईश्वराची प्रेरणा म्हणत. मी शंका घेत नाही. फक्त परिचारिका म्हणून एक नोंद करते: ज्याने एकदा तो आवाज स्वतःच्या पोटात ऐकलेला असतो, त्याला तो दुसऱ्याच्या पोटातला लवकर ऐकू येतो.

आमच्या भागात हाक आली ती फार लांबचा वळसा घेऊन. फ्रेड्रिक फ्रान्सन नावाचा एक स्वीडिश माणूस, जन्म १८५२ चा, तरुणपणी घरच्यांबरोबर अमेरिकेत गेला. चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलर यांनी तिथे एक हजार माणसं हवीत असं आवाहन केलं होतं. ते फ्रान्सनच्या मनाला लागलं. १८९० मध्ये त्याने अमेरिकेतल्या स्कँडिनेव्हियन लोकांचे थोड्या थोड्या दिवसांचे वर्ग घ्यायला सुरुवात केली आणि स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केलं. आलेली पोरं-पोरी बहुतेक साधीसुधी, शेतावर राबणारी, घरकाम करणारी. पुढे त्याच परंपरेतली माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात, नवापूर-नंदुरबार पट्ट्यात उतरली. नंदुरबारच्या एस. ए. मिशन शाळेच्या नावातला ‘ए’ म्हणजे अलायन्स. मिशनांनी आपापसांत इलाखे वाटून घेतले होते, एकाच्या शेतात दुसऱ्याने नांगर घालायचा नाही असा तो करार. त्यामुळे पूर्वेला जळगाव-भुसावळकडे वेगळं मिशन आणि आमच्याकडे हे. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे सरकारने १९०६ मध्ये केले, मिशनवाल्यांनीही आपले केले.

गंमत अशी, की ही माणसं बिचारी पुस्तकी मराठी शिकून आली. पाचारण, तारण, पश्चात्ताप वगैरे शब्द घोकून तयार. इथे उतरून पाहतात तर खेड्यात अहिराणी, नवापूरकडे मावची आणि भिलोरी. बाजारातला माणूस ‘शे’ म्हणतो आणि यांच्या पुस्तकात ‘आहे’ लिहिलंय. मधे कोणीतरी लागणारच होतं. ते कोणीतरी म्हणजे आमची आजी.

आजी बायबलबाई होती. हा हुद्दा आता कोणाला सांगून कळत नाही. एकोणिसाव्या शतकापासून बऱ्याच मिशनांत या बाया होत्या, कारण साहेब किंवा पाळक घराच्या ओट्यापर्यंतच जाऊ शकायचे, चुलीपर्यंत नाही. चुलीपर्यंत जायला बाईच हवी. बऱ्याच विधवा असत. महिन्याचे मोजके रुपये, आणि काम म्हणजे चालणं. आजी विरदेल, चिमठाणे, नरडाणा, बेटावद असं फिरायची. मिशनची बैलगाडी कधी मिळे, बहुधा नाही.

तिची पिशवी माझ्याकडे आहे. जाड खादीची, एका बाजूला पट्टा तुटला म्हणून तिने दोऱ्याने, तेही काळ्या दोऱ्याने, टाचलेली. त्यात नवा करार असे, अंकलिपी असे, कापडावर छापलेल्या चित्रांची गुंडाळी असे, चष्मा फडक्यात बांधलेला असे. आणि या सगळ्याखाली खाकी कागदाच्या पुड्या: कोयनेल, बोरिक पावडर, खरजेचं मलम. आजीच्या कामाचा हिशेब मिशनने किती वाचनं आणि किती घरं असा ठेवला असेल. बायांनी ठेवला तो पुड्यांचा. ती गेली तेव्हा चिमठाण्याहून एक बाई रडत आली आणि म्हणाली, खरजेवालीमाय गेली.

देवाची हाक म्हणजे काय, हे बायांना सांगताना आजीने पाचारण कधी वापरलं नाही. तिने मुराळी वापरला. आखाजी जवळ आली की सासरी नांदणाऱ्या लेकीचे कान रस्त्याकडे लागतात. माहेराहून तिला न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून आजी म्हणे, ‘देवनी हाक म्हंजे मुऱ्हायी उना समजानं.’ मग ती रंगवून सांगे. मुराळी लांबून ओरडत नाही. ओट्यावर बसतो, पाणी पितो, सासूशी पाऊसपाण्याचं बोलतो. लेक आत भाकरी थापत असते. तिला माहीत असतं कोण आलंय, तरी तव्यावरची भाकरी ती सोडत नाही. शेवटची भाकरी टोपलीत पडते, चूल सारखी होते, मग गाठोडं. बाया मान डोलवायच्या. येशूचं पुढचं त्यांना कितपत पटलं देव जाणे, पण मुराळ्याचं पटलं.

यात आजीने काय केलं ते मला फार उशिरा कळलं. मिशनरींची हाक घर सोडायला लावणारी होती: बोट, बंदर, परका देश. आजीच्या श्रोत्यांपैकी प्रत्येकीने लग्नात घर सोडलेलंच होतं, नऊ-दहा वर्षांची असताना. त्यांना पुन्हा घर सोडायचं आमंत्रण देऊन काय उपयोग? म्हणून आजीने हाकेची दिशाच फिरवली आणि ती माहेराकडे नेली. कुठल्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात तिला हे शिकवलं नव्हतं.

दुसरं एक तिचं. चैत्रात खानदेशातून वणीच्या सप्तशृंगीला पायी जाणारे जथे निघतात, अजूनही निघतात. विचारलं तर म्हणतात, आईचं बोलावणं आलं. विठोबाने बोलावल्याशिवाय पंढरी घडत नाही, तसंच हे. आजी त्यांना रांजणातलं पाणी द्यायची आणि पायाचे फोड बघायची. मिशनच्या बाईंना ते फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. आजीचं म्हणणं, फोड कोणाच्या बोलावण्याने आला ते फोडाला ठाऊक नसतं.

इथे थोडं विषयांतर करते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने एक मोठी गोष्ट केली. तोपर्यंत ईश्वरी पाचारण फक्त मठातल्या लोकांना व्हायचं. ल्यूथर म्हणाला, चांभाराचं, मोलकरणीचं, आईचंही काम पाचारणच. जर्मन भाषेत त्याच्यामुळे धंद्याला जो शब्द रूढ झाला, ‘बेरूफ’, त्याच्या पोटातच हाक मारणं आहे. स्वीडिश लोक ल्यूथरच्या वळणाचे. एका स्वीडिश पाहुणीने मला सांगितलं, की त्यांच्याकडे ‘कल्’ म्हणजे ईश्वराने नेमून दिलेलं काम आणि ‘कल्’ म्हणजेच थंडगार. मी म्हटलं, आमच्याकडे ‘कळ’ म्हणजे बाळंतपणाची वेदना, आणि मला आयुष्यभर तीच हाक ऐकू आली. ती इतकी हसली, की चहा सांडला. ल्यूथरचं हे म्हणणं खानदेशात परकं नव्हतंच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली आणि अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात स्वधर्माबद्दल जे आहे, ते आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली असती, मग मी दुसरं काय सांगत होते. त्याच रविवारी, त्याच उन्हात ती विरदेलच्या रस्त्याला असायची.

मराठी ख्रिस्ती माणसांत हाकेची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट नारायण वामन टिळकांची. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यावर बोलणं झालं. उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांनी ते वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन थांबले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, त्यांना ही गोष्ट अतिशय प्रिय. त्यांच्या मते देवाने निरोप पाठवायला आगगाडीच निवडली यात विशेष काही नव्हतं, वेळेवर धावणारं तेवढंच एक होतं.

ही गोष्ट प्रत्येक रविवारशाळेत सांगतात. मला तिच्यापेक्षा त्याच घरातली दुसरी गोष्ट खरी वाटते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कोणी भेटलं नाही. त्यांना नवऱ्याचं धर्मांतर कळलं, आणि त्यांच्यावर आकाश कोसळलं. पाच वर्षं गेली. त्या काळात त्यांनी सोवळं सांभाळलं, नातेवाइकांकडे दिवस काढले, रडल्या, कविता केल्या. मग नवऱ्याच्या गावी आल्या तरी चूल आपली वेगळी. एकदम काही झालं नाही. स्वतःशी वाद घालत घालत जात देवाने केलेली नाही एवढ्यापाशी त्या पोचल्या, मग कोणाच्या हातचं पाणी चालू लागलं, मग जेवण. बाप्तिस्मा १९०० मध्ये. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सगळं, स्वतःची थट्टा करत, लिहिलं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी माझा हा लेख इथे सोडून ते वाचायला घेतलं तरी मला वाईट वाटणार नाही. टिळकांची हाक दोन स्टेशनांच्या मधे आली, लक्ष्मीबाईंची पाच वर्षं स्वयंपाकघरात मुरत राहिली. प्रवचनात पहिली चांगली वठते. बाया दुसरी ओळखतात.

आणि टिळकांनाही एकदाच हाक येऊन भागलं नाही. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेला असो नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांसाठी. दोन वर्षांत ते वारले. तो दरबार पुढे फार चालला नाही. पण ठरलेला पगार आणि राहतं घर असताना त्या वयात पुन्हा उठायचं, हे मला आगगाडीपेक्षा अवघड वाटतं.

आता माझं. मला विचाराल तर मला हाकबीक काही आली नाही. मॅट्रिकला बरे गुण पडले, वडिलांचा रेल्वेचा पास होता आणि ख्रिस्ती घरातल्या मुलीने नर्सिंग करायचं असा रिवाज होता. गाड्या बदलत बदलत मिरजेला पोचले. डॉ. विल्यम वानलेस या कॅनडाच्या डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय काढलेलं. पहिले सहा महिने बेडपॅन आणि रडणं यापलीकडे मला काही आठवत नाही.

टोपी देण्याच्या समारंभाच्या आदल्या रात्री आमच्या ट्यूटरबाईंनी आयडा स्कडर यांची गोष्ट सांगितली. मिशनरी नर्सिंगमध्ये ती सगळ्यांना सांगतात. आयडा मिशनरी डॉक्टरची मुलगी, तमिळ मुलखात आली होती ती आजारी आईला भेटायला. मिशनरी व्हायचं नाही हे तिचं ठरलेलं. एका रात्री तीन माणसं पाठोपाठ दाराशी आली, एक ब्राह्मण, एक मुसलमान, एक मुदलियार. तिघांच्याही बायका अडलेल्या. तिघांनाही बाईच डॉक्टर हवी होती, तिच्या वडिलांना बाळंतिणीजवळ येऊ द्यायला कोणी तयार नव्हतं. आयडाला काही येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. ती अमेरिकेत परत गेली, १८९९ मध्ये डॉक्टर झाली, १९०० मध्ये परत आली आणि वेल्लोरचं रुग्णालय उभं केलं. आम्ही मुली ऐकून रडलो, दुसऱ्या दिवशी टोप्या घातल्या, फोटो काढला. मला वाटलं, असं काही आपल्या वाट्याला येणार नाही, आपण तर शिकूनसवरून निघालोय.

सरकारी रुग्णालयात गेल्यावर मला ‘कॉल’ हा शब्द भेटला. कॉल म्हणजे बोलावणं, पण इथे तो वहीत असतो. कॉल बुक. लांबट, कडक पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट झालेली वही. रकाने हाताने आखलेले: तारीख, रुग्ण, कशासाठी, कोणाला कॉल, पाठवल्याची वेळ, सही, आल्याची वेळ. रात्री बाई अडली किंवा कोणाला साप चावला की ड्यूटीवरची सिस्टर ओळ भरते, शिपाई बॅटरी आणि वही घेऊन डॉक्टरांच्या क्वार्टरला जातो, डॉक्टर दाराशी सही करतात आणि शिपाई परत येतो. खरा खेळ शेवटच्या दोन रकान्यांत. सही केली १.४० ला. आल्याची वेळ काय? काही डॉक्टरांच्या बाबतीत १.५०. त्यांच्या सह्या तिरक्या असत, कारण शर्टात हात घालता घालता केलेल्या. सही सुबक असली की आम्ही ओळखायचो, साहेब पुन्हा आडवे झाले. चौतीस वर्षांत मी अशा कितीतरी वह्या भरल्या. पाचारण, प्रतिसाद, आज्ञापालन यांवर जी काही प्रवचनं ऐकली, त्यांतलं एकही त्या रकान्यांइतकं मला स्पष्ट वाटलं नाही.

पण वही नसते तेव्हा काय? हे सांगायला नको वाटतं, तरी सांगते. साक्रीच्या पलीकडे एका लहानशा गावी मी नेमणुकीला होते, गावाचं नाव लिहीत नाही. ओळीने दोन रात्री जागून झाल्या होत्या, तिसऱ्या रात्री मी मोकळी होते. दार वाजलं. मी जागी होते. पुन्हा वाजलं, बाहेरून कोणी ‘ताई’ म्हणालं. मी मनाशी म्हटलं, ड्यूटीवर दुसरी आहे, जाईल तिकडे. तिसऱ्यांदा कडी वाजली, हळू. मग बैलगाडीचा आवाज गेला. दुसरीही त्या रात्री जागेवर नव्हती, एका बाळंतपणाला वाडीवर गेली होती, हे मला माहीत नव्हतं आणि उठले असते तर कळलं असतं. त्या माणसाने बायको पुढच्या गावाला न्यायला काढली. वाटेत गाडीतच सुटली. बाई वाचली, बाळ गेलं. आठवड्याने तो बाजारात भेटला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘ताई, तुम्ही थकेल व्हत्यात, झोप लागी गयी व्हई.’ झोप लागली नव्हती. हे मी त्याला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून शमुवेलाची गोष्ट मी वेगळी वाचते. तीही रविवारशाळेतलीच. मंदिरात झोपलेल्या पोराला रात्री हाक येते. त्याला वाटतं म्हाताऱ्या एलीने बोलावलं, तो धावत जातो. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जा, झोप. असं तीनदा. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या लक्षात येतं की हाक मारणारा देव आहे. चौथ्यांदा पोर बरोबर उत्तर देतं. सगळे पाळक चौथ्या खेपेवर बोलतात. आधीच्या तीन खेपा कोणी मोजत नाही. चुकीच्या दाराशी का होईना, पोर तीनदा अंथरुणातून उठून गेलं. म्हाताऱ्याला पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल, असंच त्याला वाटलं असणार. पहिल्या हाकेला ते कुशीवर वळलं असतं, तर ती गोष्टच झाली नसती.

नवापूरच्या अलीकडे चिंचपाड्याला १९४२ पासून मिशनचं रुग्णालय आहे. तिथे मधूनमधून तरुण डॉक्टर जोडपी येतात, शहरातलं सोडून. त्यांना विचारलं तर ती संकोचतात, पाचारण वगैरे शब्द टाळतात, गरज होती म्हणून आलो म्हणतात. मला ते आवडतं. आमच्या मंडळीतली पोरं आता सुरतेला, पुण्याला, काही आखातात नर्सिंगला. रविवारी आम्ही बाविसेक माणसं जमतो, त्यात बाया जास्त. परवा एकीची नात विचारत होती, आजी, देवाचा कॉल आला हे कसं कळतं, रिंगटोन वेगळी असते का? सगळ्या हसल्या. मी तिला आतून आजीची पिशवी आणून दाखवली. तिने आधी पुड्यांच्या कागदाचा वास घेतला.

निवृत्तीनंतर मी एक शंभर पानी वही ठेवली आहे, रकाने आखून. लोकांना माहीत आहे की इथे सिस्टर राहते. कोणाचा रक्तदाब, कोणाची साखर, कोणाच्या लेकराला ताप. बहुतेक वेळा मला करण्यासारखं एवढंच असतं, की १०८ ला फोन करायचा, गाडी येईतो पेशंटपाशी बसायचं आणि धुळ्याला कोणत्या दारातून आत न्यायचं ते सांगायचं. गेल्या मंगळवारची नोंद: दार वाजलं २.१०, उघडलं २.१३. गुडघ्यांमुळे तीन मिनिटं लागतात.

घर स्टेशनकडून येताना डाव्या हाताला, कडुनिंब असलेलं. वीज गेली की बेल वाजत नाही, तेव्हा कडी वाजवा. हळू वाजवू नका.